सवकास

म्हापशाच्या शेल्टरमधून दोघींना आणलं
ते एकाच खोक्यात. खोक्यावर छापलेलं: काजूगर, अखंड, दहा किलो.
एक पांढरी, तांबडी, काळी, हाताला लागेल ते घातलेली;
तिला प्रज्योतने नाव दिलं खतखतं.
दुसरी काळपट, आक्रसलेली, एका डोळ्याची. ती सोल.
शमिकाला ख येत नाही, स येत नाही.
तिच्याकडे दोघींना मिळून एकच नाव आहे: आ.

पहिल्या दिवशी तिला आनंद झाला.
तिचा आनंद तुम्ही ऐकलेला नाही,
तो आमच्या गल्लीतून डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत जातो.
मांजरं फ्रिजमागे गेली
आणि तीन दिवस फ्रिजमागेच राहिली.

सातव्या दिवशी सोलचं शेपूट मुठीत आलं.
त्या मुठीला मी सहा वर्षं ओळखते.
मिटते आपली आपण,
उघडण्याचा निरोप मात्र डोक्यातून निघतो
आणि खांद्यापाशी कुठेतरी वाट चुकतो.
सोल वळली. मनगटावर तीन रेघा.
शमिका रेघांकडे बघत राहिली, रडले मी.
कुंदावहिनी दारातून म्हणाल्या, परत देऊन ये गो बाय,
मुकं जनावर, आणि त्यात हे असलं पोर.
मी डेटॉलचं झाकण लावत होते.
ते लागलेलं होतं, तरी लावत होते.

रविवारी सगळ्यांची नखं कापली.
माझीसुद्धा.

मग दुधी भोपळा टॉवेलात गुंडाळून मांडीवर.
सवकास, मी म्हणायची, सवकास.
बोटं उघडायचा हट्ट सोडून दिला मी,
दोन वर्षांच्या व्यायामांची वही कपाटात ठेवली.
मिटलेल्या मुठीलाही पाठ असते.
तीच लावायची, पालथी, मानेकडून शेपटीकडे,
केस ज्या दिशेने झोपतात त्या दिशेने.
चार भोपळे झाले. भाजी करून खाल्ले.

आग्नेल मेस्ताला बोलावून भिंतीवर उंच फळी मारून घेतली.
तो म्हणाला, कुठल्या देवाला?
म्हटलं, मांजरांना.
घरात एक जागा हवी, जिथे प्रेमाचा हात पोचत नाही.
मेस्त हसला, दोन खिळे जास्त मारले.
कधीकधी दुपारी मीही त्या फळीकडे बघते.

जेवताना जे सांडतं
ते मी पूर्वी फडक्याने टिपायची, डोळे न उचलता.
आता खतखतं खुर्चीखाली येऊन बसते
आणि शमिकाचा चमचा थरथरला
की कान टवकारते, जशी पानात वाढीची वेळ झाली.
बांगड्याचा एक घास तोंडात, तीन खाली.
एवढं मोठ्या हाताने वाढणारं
या घरात दुसरं कोणी नाही.

सोल मात्र फळीवरच. महिना, दीड महिना.
शमिका मान वर करून बघायची, मान दुखेपर्यंत.
आपण जायचं नाही, मी सांगायची, ती येईल.
येईल का, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा दुपारी वीज गेली.
पंखा थांबला, बाजूचा टीव्ही थांबला,
पोफळीत कुणीतरी झावळी ओढत होतं तेवढंच.
सोल उतरली. शीतकपाट, स्टूल, फरशी.
चाकाच्या खुर्चीच्या पायटेकूवर बसली
आणि बुटाच्या लोखंडी पट्टीला गाल घासला.
शमिकाने श्वास धरला.
तिला श्वास धरता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मूठ खाली निघाली, थरथरत, खुर्चीच्या हातावर आपटली,
पुन्हा निघाली, पालथी.
माझ्या हातात कोकमाचं सरबत, ग्लासाला मुंगी चढत होती.
सवकास हा शब्द ओठापर्यंत आला, तो मी गिळला.

दोनदा. कदाचित अडीचदा.
आ, ती म्हणाली,
इतका लहान आ मी तिच्याकडून ऐकला नव्हता.

मग वीज आली. कुंदावहिनींचा मिक्सर सुरू झाला,
सोल फळीवर.
हात अजून तिथेच होता,
पालथा,
मांजराच्या उंचीवर.